तोशिओ आजोबांच्या शेंगा

आमच्या केनवडला सोयाबीन कोणी खात नाही. पेरतात सगळे. जूनमध्ये पेरायचं, डवरायचं, निंदायचं, फवारायचं, दसऱ्याच्या आसपास सोंगायचं, थ्रेशरमधून काढायचं आणि पोती भरून रिसोडच्या मार्केटला नेऊन घालायची. पुढं त्याचं तेल निघतं आणि पेंड होते, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळं मी जपानहून परत आल्यावर गल्लीतल्या बाया जमल्या आणि "काय खात होती वो पूनम तिकडं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी "सोयाबीन" म्हटलं आणि सगळ्या माझ्याकडं कीव आल्यासारख्या बघू लागल्या. शेवंतामावशी तर म्हणाली, "अरे बाप्पा! पोट्टीचे लय हाल केले त्यांनी."

हाल कसले! ते सहा महिने आठवले की अजून हातातलं काम बाजूला राहतं. पण शेवंतामावशीला हे दारात उभ्यानं कसं समजावायचं? म्हणून आता बसून सगळं लिहून काढते आहे.

एप्रिल

मी वाशिमला नर्सिंग केलं. जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं लागतात, पण त्याआधी भाषा आली पाहिजे, म्हणून सहा महिन्यांच्या भाषावर्गासाठी गेले. बाबांचा एकच प्रश्न होता, "वाशिमले शिकवत नाईत का जपानी?" आईनं ज्वारीच्या पिठाची पिशवी, ठेचा आणि डोळ्यांतलं पाणी असं सगळं सोबत दिलं. पीठ आणि ठेचा पोचला.

वर्ग होता यामागाता नावाच्या जिल्ह्यात, उत्तरेला, समुद्राच्या अंगानं. मी पोचले तेव्हा इकडं आपल्याला झाडाची सावली शोधावी लागते आणि तिकडं डोंगरावर बर्फ होता. मी वाशिमहून नेलेला स्वेटर पहिल्या दिवशीच हरला.

माझी सोय चियोआजीच्या घरी केली होती. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, कंबर थोडी वाकलेली आणि जीभ मात्र एकदम सरळ. मुलगी टोकियोला. नवरा, म्हणजे तोशिओ आजोबा, मागच्या हिवाळ्यात वारले होते. आतल्या खोलीत काळ्या लाकडाच्या कपाटासारखा देव्हारा होता, त्यात त्यांचा फोटो. डोक्यावर टोपी, गळ्यात पंचा आणि चेहरा असा, की फोटोवाल्यानं जणू त्यांच्या वावरात ढोरं घातली आहेत. आजी रोज सकाळी त्यांच्यापुढं भात आणि चहा ठेवायची आणि आदल्या दिवसाच्या बातम्या सांगायची. नवी मुलगी आली आहे, भारतातली आहे, लय खाते, वगैरे.

आजीचं जपानी वर्गातल्या बाईंच्या जपानीसारखं नव्हतं. बाई पुस्तकातलं बोलायच्या, आजी गावातलं. शेवट गिळून टाकायची, मधेच ताणायची. मला सुरुवातीला ओ की ठो कळेना. पण महिनाभरात बाईंपेक्षा आजीचंच जास्त कळायला लागलं, कारण तो सूर मला घरचा वाटला. वाशिमच्या कॉलेजात मी "काहून" म्हटलं की शहरातल्या मुली हसायच्या, तसंच आजीला बँकेत कोणीतरी हसायचं म्हणे. म्हणून तिचं बोलणं मी इथं वऱ्हाडीतच लिहिणार आहे. माझ्या कानात ते तसंच राहिलं आहे.

वर्गात माझी फजिती होती. बाई विचारायच्या, "काल काय केलं?" मला उत्तर माहीत असायचं. पण क्रियापद शोधून, त्याचं शेपूट जुळवून तोंड उघडेपर्यंत नेपाळची सुषमा आपला अख्खा रविवार सांगून मोकळी व्हायची. मी मूग गिळून बसायची. घरी फोनवर मात्र "मस्त चाललं आहे" म्हणायची.

एकदा राहवेना म्हणून आजीच्या स्वयंपाकघरात भाकर थापली. तवा नव्हता, आमलेटची कढई होती. थापायचा आवाज ऐकून आजी आतून आली आणि दाराशी उभी राहिली. पहिली भाकर फाटली, दुसरी जळली, तिसरी फुगली. आजीनं ती मिसो लावून खाल्ली. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, ती तो घरीच बरणीत घालायची. मी भाकरीला ठेचा लावला. तिनं ठेचा बोटावर घेऊन चाखला, अन् पुढची पाच मिनिटं तिला बोलता येईना. मग डोळे पुसत फोटोकडं बघून म्हणाली, "तू सुटला रे बाबा."

मे

घरामागं चार वाफ्यांची जागा होती. मेच्या सुरुवातीला आजी पत्र्याचा एक जुना डबा घेऊन तिथं गेली. तिनं झाकण उघडलं आणि मी ओरडलेच. सोयाबीन! दाणे आपल्यापेक्षा थोडे सुरकुतलेले, पण मला सोयाबीन कळणार नाही?

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं. मी हातवारे करून, चित्र काढून, येतील ते शब्द फेकून सांगितलं, की आमच्या घरी सोयाबीन असतं, माझे बाबा पेरतात, मी लहानपणापासून निंदते, सोंगते. किती, असं तिनं विचारलं. मी फोनवर हिशोब करून तिच्या मापात सांगितलं. पाच एकर.

आजीनं दोन ओळींच्या तिच्या वाफ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंग तू तं मास्तरीन हाय," ती म्हणाली.

मला काय चढलं म्हणून सांगू! त्या दिवसापासून वाफा माझाच झाला.

पेरताना आजीनं त्या दाण्यांची गोष्ट सांगितली. हे बियाणं तोशिओ आजोबांच्या घरचं, त्यांच्या आईकडून आलेलं. दरवर्षी आजोबाच पेरायचे, तिला हात लावू द्यायचे नाहीत. ऑगस्टात तिकडं ओबोन असतो, आपला पितृपक्ष असतो तसा. गेलेली माणसं तीन-चार दिवस घरी येतात. माणूस गेल्यानंतरचा पहिला ओबोन मोठा मानतात. यंदा आजोबांचा पहिला होता.

"आजवर या शेंगा त्यानं पेरल्या अन् आमी खाल्ल्या," आजी म्हणाली. "यंदा मी पेरीन अन् त्याच्यापुढं ठेवीन. तो येईन अन् बघीन, मले जमलं का नाई ते."

तिला दुसरं काही नको होतं. त्या वर्षीचं तिचं सगळं त्या दोन ओळींत होतं, आणि मला ते पक्कं समजलं होतं.

जुलै

पीक झकास आलं. मी रोज सकाळी वर्गाला जायच्या आधी निंदायची, संध्याकाळी पाणी द्यायची. फुलं आली, शेंगा धरल्या. आणि जुलैच्या मध्यावर आजी अंगणाच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात जवळपास महिनाभर राहावं लागेल म्हणाले, ओबोनच्या आदल्या दिवशी सोडतील. मी दर रविवारी बसनं जायची. तिकडचा ड्रायव्हर म्हातारं माणूस जागेवर बसल्याशिवाय गाडी हलवत नाही. आमची रिसोडची एसटी आठवून मला हसू यायचं, आमच्याकडं माणूस लोंबकळला की डबल बेल. आजी पलंगावर बसून वाटच बघत असायची. पायाचं काही बोलायची नाही.

"शेंगा?"

"मस्त आहेत."

"फुगल्या का?"

"फुगून राहिल्या."

"तयार झाल्या की काढ. तुले काय सांगाचं, तुह्या हवाली हाय."

"काही काळजी करू नका," मी म्हणायची. आणि मनापासून म्हणायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शेजारचे इतोकाका टोपली आणि कात्री घेऊन वाफ्यापाशी आले. सत्तरीचे, एकदम सज्जन माणूस. पण मला वाटलं, हे काय, हिरवं पीक काढायला निघाले की काय! हिरवं सोयाबीन कोणी काढतं का? आमच्याकडं ते काम रोही, म्हणजे नीलगायी, करतात नाहीतर रानडुकरं. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. "अजून नाही! अजून नाही!" त्यांनी शेंगांकडं बोट दाखवून लांबलचक काहीतरी सांगितलं. मला त्यातलं अर्धं कळलं नाही आणि उरलेलं ऐकायची माझी तयारी नव्हती. ते डोकं खाजवत, वाकून नमस्कार करत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. तिलाही मी हसून परत पाठवलं.

तरी खात्री असावी म्हणून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन शेंगांच्या जवळ धरला. बाबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. केनवडमध्ये लोक बाबांना विचारून सोंगणी करतात.

"चांगलं हाय वो," बाबा म्हणाले. "दानं टच्च भरले. आता पानी तोड अन् वाळू दे."

मी पाणी तोडलं.

आता तुम्ही म्हणाल, तिकडं हिरव्या शेंगा उकडून खातात हे हिला तीन महिन्यांत दिसलं नाही? नाही दिसलं. आजीच्या घरी मी सोयाबीनचं दूध प्याले, टोफू खाल्लं, मिसो खाल्लं, तारा सुटणारं आंबवलेलं सोयाबीनसुद्धा नाक दाबून गिळलं. सगळं वाळलेल्या दाण्यांचं. हिरव्या शेंगा दुकानात जूनपासून येतात, पण आजी स्वतःच्या शेंगा यायच्या आधी विकतच्या शेंगांना शिवायची नाही. आजोबांनी घालून दिलेला नेम होता तो. आणि मी, पाच एकरांची मालकीण, कोणाला विचारीन कशाला?

ऑगस्ट

ओबोनच्या आदल्या दिवशी आजी टॅक्सीनं घरी आली. सोबत टोकियोहून आलेली मुलगी तोमोको. आजी घरात शिरलीच नाही. चाकांचा वॉकर ढकलत थेट मागं गेली. मी पुढं पळाले, वाफ्यापाशी उभी राहिले आणि हात केला, बघा!

अर्धी पानं पिवळी होऊन गळली होती. शेंगा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. आमच्या हिशोबानं अजून पंधरा-वीस दिवसांत सोंगायला आलं असतं, नंबर एक माल.

आजीनं वाकून एक शेंग चिमटीत दाबली. मग दुसरी. मग पलीकडच्या ओळीतली एक.

"कडक झाल्या," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून तिनं मान झुकवली. "तू लय मेहनत केली पोरी. एवढे दिवस सांभाळल्या." आणि हळूहळू घरात गेली.

तोमोकोनं मला फोनमधल्या भाषांतरातून आणि सावकाश बोलून सांगितलं, की या शेंगा हिरव्या असतानाच काढायच्या असतात. चार-पाच दिवसांचा खेळ असतो. इतोकाका त्या आजीसाठी वेळेवर काढून, उकडून ओबोनपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायला आले होते. सांगताना ती तीनदा म्हणाली की तुझी चूक नाही.

मी ओळीतलं एकेक झाड उलटंपालटं केलं, कुठंतरी मागाहून धरलेली एखादी हिरवी शेंग मिळेल म्हणून. एकही नाही. पाणी तोडलं होतं ना, सगळ्या सोबतच वाळल्या. मी आईला फोन करून रडले. आई कडाडली, "तुले तोंड नोतं का इचाराले? जिथं तिथं शायनी!" खरं सांगते, त्या शिव्यांनी बरं वाटलं. तिकडं मला कोणी रागावतच नव्हतं.

संध्याकाळी इतोकाकूनं त्यांच्या वाफ्यातल्या हिरव्या शेंगा चाळणीभर आणून दिल्या. आजीनं त्या मिठाच्या पाण्यात उकडून आमच्यापुढं ठेवल्या. शेंग दातात धरून ओढायची, दाणा तोंडात येतो. कोवळ्या हरभऱ्याहून गोड, आणि वास उकडलेल्या मक्याचा. एवढी वर्षं आम्ही हे जनावरांसाठी सोडत होतो! मला ती चव आवडत होती आणि त्याचीच लाज वाटत होती.

"यातल्या आजोबांपुढं ठेवू या?" मी विचारलं.

आजीनं मान हलवली. "नाई. त्याच्या नाईत ह्या."

दुसऱ्या दिवशी ओबोन. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात, वांग्याची गाय करतात. घोड्यावरून माणूस लवकर घरी यावा आणि गाईवरून सावकाश परत जावा, म्हणून. आमच्याकडं पोळ्याला मातीचे बैल असतात, तसेच ते मांडले होते. मला वांग्याची गाय करायला दिली. दारात काड्यांचा छोटा जाळ केला, आजोबांना घर सापडावं म्हणून. मग सगळ्या देव्हाऱ्यापुढं बसलो. भात होता, फळं होती, गोड होतं. मध्ये एक निळी वाटी होती. रिकामी.

आजीनं उदबत्ती लावली, हात जोडले आणि फोटोशी बोलायला लागली. "मी पडली. माह्याच्यानं काढनं झालं नाई. शेंगा गेल्या. माफ कर मले."

माझ्याच्यानं ऐकवेना. ती माझी चूक पदरात घेत होती, तेही त्या माणसापुढं, ज्याला ती वर्षभर "मला जमतं" हे दाखवायला निघाली होती. मी गुडघ्यावर पुढं सरकले आणि बोलायला लागले.

"आजोबा, आजी खरं सांगत नाहीत. मी पूनम. शेंगा मी घालवल्या. आजीनं वेळेवर पेरल्या, चांगल्या आल्या होत्या. इतोकाका आले, मी त्यांना हाकललं. मला वाटलं मला सगळं येतं. आमच्या गावात आम्ही हिरव्या काढत नाही. वाळू देतो. पानं गळली की विळ्यानं सोंगतो, गंजी लावतो, मशीनमधून काढतो. माझे बाबा चांगले शेतकरी आहेत, तेही चुकले. तुम्ही इतक्या लांबून आलात आणि तुमची वाटी रिकामी आहे. ती माझ्यामुळं रिकामी आहे. आजीला काही म्हणू नका."

क्रियापदांची शेपटं कुठं जुळली, कुठं तुटली, मला माहीत नाही. चार महिने वर्गात दोन वाक्यं सलग निघाली नव्हती आणि त्या दिवशी थांबायलाच येईना. थांबले तेव्हा तोमोको नाक पुसत होती. आजी माझ्याकडं बघत होती.

"दम घे," ती म्हणाली. मग फोटोकडं वळली. "ऐकलं का? पोरगी एवढं बोलून राह्यली, अन् तुह्यं तोंड अजून तसंच."

आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली. मग सांगायला लागली, की हा माणूस महाचिकट. या बियाण्याचा एक दाणा त्यानं जन्मात कोणाला दिला नाही. इतोनं किती वेळा मागितला, नाही म्हणजे नाही. स्वतःपुरती चार झाडं बियाण्याला ठेवायचा आणि बाकी सगळ्या शेंगा हिरव्याच खाऊन संपवायचा, कोणाला वाळलेला दाणा सापडू नये म्हणून.

"आता दोन ओळींचं बियानं झालं," आजी म्हणाली. "काय करू रे मी एवढ्याचं? सांग." आणि खरोखर उत्तराची वाट बघितल्यासारखी फोटोकडं बघत राहिली.

सप्टेंबर

निघायच्या आधी आम्ही दोघींनी मिळून सोयाबीन काढलं. केनवडच्या पद्धतीनं. मी विळ्यानं सोंगलं, अंगणात चटईवर वाळवलं, काठीनं झोडपलं. सूप नव्हतं, लाकडी ताटानं वाऱ्यावर पाखडलं. आजी खुर्चीवर पाय वर ठेवून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवत होती, हे बघा, भारतात असं करतात.

मग तिनं कागदाच्या पुड्या केल्या. प्रत्येकीवर ब्रशनं तोशिओ लिहिलं. काठी टेकत, माझा हात धरून ती घरोघर फिरली. इतोकाकांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मला मात्र एक दाणाही आणता आला नाही, विमानतळावर बियाणं चालत नाही.

परीक्षेत मी कशीबशी पास झाले. बोलण्याच्या परीक्षेत बऱ्यापैकी. सुषमा म्हणाली, "तू एकदम कशी काय बोलायला लागलीस?" काय सांगणार?

बसथांब्यावर आजी आली होती. तिकडं निरोप देताना मिठी वगैरे मारत नाहीत. मी वाकून पायाला हात लावला, तशी ती दचकून मागं सरकली आणि मग माझ्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. बस वळेपर्यंत हात हलवत होती. मी वाशिमला शिकायला निघाले होते तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.

पुन्हा ऑगस्ट, केनवड

यंदा ओबोनच्या दिवशी मी बाबांसोबत वावरात होते. सोयाबीन कमरेला लागलं होतं, शेंगा धरल्या होत्या. आजीचा व्हिडिओ कॉल आला. तिला फोन धरता येत नाही, अर्धा वेळ मला तिचं कपाळच दिसत होतं. मग तिनं फोन देव्हाऱ्याकडं फिरवला.

निळी वाटी हिरव्या शेंगांनी भरली होती. तिच्या बाजूला आणखी एक वाटी होती. तिच्या बाजूला एक ताटली, एक चाळणी, एक चहाचा पेला. सगळ्यांत शेंगा.

"ही वाटी माही," आजी सांगत होती. "ही इतोची. ही समोरच्या घरची. ही त्या पल्याडच्या मास्तरची. पेल्यातल्या त्या कोपऱ्यावरच्या बाईच्या, तिचे दोनच झाडं जगले. सगळ्या त्याच्याच हाय. ठेवाले जागा नाई उरली."

"आजोबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हनते, फुगून बसला. मी म्हनलं, मागच्या साली तुह्यी वाटी रिकामी होती, तवा बी तू आला ना? यंदा पोटभर खा."

बाबा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, पण शेंगा कळत होत्या. मागच्या वर्षीपासून त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. "काय म्हनते ती माय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मातीचे हात धोतराला पुसले आणि फोनमधल्या त्या फोटोपुढं जोडले.

"मालक," बाबा म्हणाले, "पानी तोडाचं मीच सांगतलं होतं. मले मालूम नोतं."

मी ते आजोबांना जपानीत सांगितलं.